लिलावांचे नको ते मेल: अनसबस्क्राइब केलं तरी पुन्हा का येतात आणि नेमके कुठे थांबवायचे

नाणी, नोटा, टपाल तिकिटं जमवणाऱ्यांकडून एक तक्रार सारखी ऐकू येते: "मेल बंद केले होते हो, थोडे दिवस शांतता होती, आता परत सुरू झाले." लिलावाची घोषणा, कॅटलॉग आला, अमक्या विक्रेत्याने नवीन माल टाकला, तुमची बोली मागे पडली, तुम्हाला आवडतील अशी आणखी काही नाणी. सकाळी मेलबॉक्स उघडला की विजेचं बिल आणि बँकेचा मेल या गर्दीतून शोधून काढावा लागतो. मग माणूस वैतागतो, दिसेल तो मेल स्पॅममध्ये ढकलतो, आणि काही दिवसांनी जिंकलेल्या लॉटचं, म्हणजे लिलावात एका क्रमांकाखाली विकल्या जाणाऱ्या वस्तूचं, बिलही तिकडेच जाऊन पडतं.

मला या दुसऱ्या भागाची जास्त काळजी वाटते. लिलावात पैसे भरायची मुदत ठरलेली असते. ती उलटली की लॉट हातचा जातो, अनामत भरली असेल तर तीही अडकते, आणि पुढच्या लिलावात नाव नोंदवताना कुरबुर होते ती वेगळीच. जीमेल स्पॅममधले मेल 30 दिवसांनी आपोआप पुसून टाकतं, म्हणजे उशिरा लक्षात आलं तर पुरावाही उरत नाही. म्हणून सरसकट सगळं बंद करू नका. कोणता मेल कुठून येतो ते आधी ओळखा आणि तो तिथेच बंद करा. याला थोडा वेळ द्यावा लागतो, पण एकदा नीट केलं की त्रास खरंच संपतो.

मेलच्या तळाशी काय लिहिलंय ते वाचा

हे बहुतेकजण करत नाहीत. मेल उघडा, बोट सरकवत थेट शेवटापर्यंत जा. बारीक राखाडी अक्षरांत एक ओळ असते: हा मेल तुम्हाला का पाठवला. "तुम्ही हा शोध सेव्ह केला आहे", "तुम्ही या विक्रेत्याला फॉलो करता", "तुम्ही आमच्या लिलावासाठी नोंदणी केली आहे", "तुम्ही आमच्या वार्तापत्राचे सदस्य आहात". अर्धं निदान या एका ओळीत होतं.

एकाच संस्थेकडून येणारे मेल साधारण तीन वाटांनी येतात. पहिली वाट जाहिरातीची: वार्तापत्र, नवीन कॅटलॉग, सणाची सवलत. दुसरी सूचनांची: तुम्ही स्वतः कधीतरी मागून ठेवलेल्या, म्हणजे सेव्ह केलेला शोध, वॉचलिस्ट (नजर ठेवायला निवडलेल्या वस्तूंची यादी), आवडता विक्रेता. तिसरी व्यवहाराची: बोली मिळाली, बोली मागे पडली, लॉट जिंकला, बिल, कुरिअरचा नंबर. जाहिरातीच्या मेलमधलं अनसबस्क्राइब दाबलं की पहिली वाट बंद होते. दुसरी सुरूच राहते, कारण ती तुमच्या खात्याच्या सेटिंगमध्ये आहे. घराला तीन नळजोडण्या असताना एकच तोटी बंद केल्यासारखं हे होतं, आणि आपण म्हणतो बंद केलं तरी पाणी येतंच आहे.

म्हणून ज्या मेलचा त्रास होतो तोच मेल उघडून त्याच्याच तळाशी बघा. कालच्या वार्तापत्राचं अनसबस्क्राइब आजच्या वॉचलिस्टच्या मेलला लागू पडत नाही.

सेव्ह केलेले शोध: सगळ्यात मोठा उगम

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त त्रास इथून येतो. ईबेसारख्या ठिकाणी एखादा शब्द शोधला की शेजारीच "हा शोध सेव्ह करा" असं बटण येतं. उत्साहाच्या भरात ते दाबलं जातं, पुढे आपण विसरतो, आणि तो शब्द ज्या ज्या नव्या वस्तूत येईल तिचा मेल येत राहतो.

शिवराईचं उदाहरण घ्या. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति" अशी अक्षरं असलेलं हे तांब्याचं नाणं मराठी संग्राहकाला हवंच असतं. रोमन लिपीत नुसता शिवराई हा शब्द सेव्ह केला की काय येतं? अस्सल शिवराई, पुढच्या काळातली दुदांडी शिवराई, हल्ली पाडलेल्या प्रतिकृती, सोन्याच्या होनाच्या पितळी नकला, की-चेन आणि भिंतीवर लावायच्या तसबिरी. शिवाय विक्रेते स्पेलिंग वाटेल तसं लिहितात, म्हणून आपण दोन-तीन स्पेलिंगं वेगवेगळी सेव्ह करतो. झालं, एकाच वस्तूचे दोन-तीन मेल. गोव्याच्या पोर्तुगीजकालीन नाण्यांच्या मागे असणाऱ्यांचं दुखणं याहून मोठं. रुपिया आणि तांगा शोधायला बसायचं आणि नुसता "गोवा" शब्द सेव्ह करायचा, की गोवा ट्रान्स संगीताच्या सीडी आणि समुद्रकिनाऱ्याचे टी-शर्टसुद्धा मेलमध्ये हजर.

उपाय असा. ईबेवर माय ईबेमध्ये जा, तिथे सेव्ह्ड सर्चेसची यादी आहे. एकेक शोध बघा. जो आता नको तो काढून टाका. जो हवा आहे पण ज्याचा मेल नको, त्याची फक्त ईमेल सूचना बंद करा. शोध यादीत राहतो, मनात येईल तेव्हा उघडून बघता येतो. आणि ज्याचा मेलही हवा आहे तो शोध अरुंद करा. शोधाच्या शेवटी उणे चिन्ह लावून नको ते शब्द लिहायचे, चिन्ह आणि शब्द यांच्यामधे जागा न सोडता: उणे रेप्लिका, उणे कॉपी, उणे टोकन. वर्गवारी "नाणी आणि चलन" एवढीच निवडा. मग शोध पुन्हा सेव्ह करा आणि जुना पुसा. हा शेवटचा भाग लोक विसरतात. नवा अरुंद शोध सेव्ह होतो, जुना रुंद शोध तसाच राहतो, आणि वाटतं की उणे चिन्ह चालतच नाही.

तिथेच सेव्ह केलेल्या विक्रेत्यांचीही यादी असते. तीही एकदा चाळा. कधीकाळी ज्याच्याकडून एक तिकीट घेतलं त्याचा रोजचा माल आज बघायची गरज नसते.

भारतातल्या लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर याच गोष्टी वेगळ्या नावांनी असतात: विशलिस्ट, फेव्हरिट्स, वॉच लॉट. काही ठिकाणी लॉटवर बोली लावली की तो आपोआप वॉचलिस्टमध्ये जातो. लिलाव संपला तरी "याच प्रकारचे लॉट" म्हणून पुढच्या लिलावाचे मेल त्याच यादीवरून येतात. लिलाव झाला की वॉचलिस्ट रिकामी करायची सवय लावून घ्या.

बटण दाबलं, पण काम पूर्ण झालं नाही

जुन्या पद्धतीच्या अनसबस्क्राइब दुव्यावर टिचकी मारली की एक पान उघडतं. त्या पानावर पुन्हा एक बटण असतं: "होय, मला यादीतून काढा". मोबाइलवर ते बटण पडद्याच्या खाली दडलेलं असतं. पान उघडलं म्हणजे झालं असं समजून माणूस ते बंद करतो, आणि नाव यादीत जसंच्या तसं राहतं. "मी अनसबस्क्राइब केलं होतं" असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांचं काम असं अर्धवट राहिलेलं मी पाहिलं आहे. त्या पानावर "तुम्हाला यादीतून काढण्यात आलं आहे" असं स्पष्ट वाक्य दिसेपर्यंत पान सोडू नका.

परदेशी विक्रेत्यांकडून तिकिटं घेणाऱ्यांना आणखी एक अडचण येते: दुवा इंग्रजीत नसतो. जर्मन व्यापाऱ्याच्या मेलमध्ये "आबमेल्डन" असा शब्द शोधा. पोर्तुगीज मेलमध्ये "कॅन्सेलार" या शब्दाने सुरुवात होते. फ्रेंच मेलमध्ये "से देझाबोने" असं असतं. तिन्ही ठिकाणी तो अगदी तळाशी, टपालाच्या पत्त्याच्या जवळपास सापडतो.

आता यापेक्षा सोपा रस्ता झाला आहे. जीमेलमध्ये मेलच्या वर, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी "अनसबस्क्राइब" असं येतं. ते दाबलं की जीमेल स्वतःच पाठवणाऱ्याला कळवतं. पाठवणारा मेलच्या अदृश्य भागात एक खास ओळ घालतो, तिच्या जोरावर हे चालतं. एका टिचकीत काम होण्याची पद्धत 2017मध्ये ठरली, पण 2024पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांवर तिची सक्ती केली. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5000 किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्याने जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीची सोय द्यायची आणि मागणी 2 दिवसांत पूर्ण करायची, असा तो नियम आहे. 2025पासून जीमेलच्या डावीकडच्या मेनूत "मॅनेज सबस्क्रिप्शन्स" असं पानही आलं आहे. कोण किती मेल पाठवतं ते तिथे एकत्र दिसतं आणि तिथूनच बंद करता येतं. मोठ्या पाठवणाऱ्यांसाठी हे पान सगळ्यात आधी उघडा.

थोडा धीरही धरा. अमेरिकेच्या 2003च्या कायद्यानुसार नाव काढायला कामकाजाचे 10 दिवस मिळतात, आणि बरेच परदेशी विक्रेते तेवढा वेळ घेतात. त्या काळात आलेला मेल म्हणजे फसवणूक नव्हे. त्यानंतरही आले तर मात्र पुढचा भाग वाचा.

मेल भलत्याच पत्त्यावर येत असतो

यावर जरा थांबतो, कारण सगळं बरोबर करूनही मेल येतच राहतात तेव्हा बहुधा कारण इथे सापडतं.

आपल्याकडच्या जुन्या संग्राहकांपैकी अनेकांचा पहिला मेलपत्ता रेडिफमेलचा किंवा याहूचा. पुढे जीमेल आलं, मुलाने किंवा पुतण्याने जुन्या पत्त्यावरचे मेल जीमेलकडे वळवून दिले, आणि सगळे विसरून गेले. पुण्यातल्या एका ज्येष्ठ संग्राहक काकांचं असंच झालं होतं. ते जीमेलमधून अनसबस्क्राइब करायचे, पानावर जीमेलचा पत्ता टाकायचे, समोरून उत्तर यायचं की हा पत्ता आमच्या यादीत नाहीच. पण मेल तर रोज येत होते. काका म्हणाले, "हे लोक खोटं बोलतात." ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या यादीत काकांचा रेडिफमेलचा पत्ता होता.

हे तपासायचं असं. संगणकावर जीमेल उघडा, मोबाइलच्या ॲपमध्ये ही सोय नाही. त्रास देणारा मेल उघडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर टिचकी मारा, "शो ओरिजिनल" निवडा. नवीन पान उघडतं. वर छोटा तक्ता असतो, खाली भरपूर अगम्य मजकूर. घाबरू नका, आपल्याला त्यातल्या दोनच ओळी बघायच्या आहेत. तक्त्यात "टू" समोर कोणता पत्ता आहे? आणि खालच्या मजकुरात अगदी सुरुवातीला "डिलिव्हर्ड-टू" समोर कोणता? दोन्ही एकच असतील तर मेल थेट आला आहे. "टू" समोर जुना पत्ता असेल तर मेल वळवून आला आहे, आणि यादीतून काढायला तोच जुना पत्ता द्यायला हवा. काकांच्या मेलमध्ये "टू" समोर रेडिफमेल दिसला. तो पत्ता टाकून यादीतून नाव काढलं आणि विषय संपला.

दुसरा प्रकार दोन खात्यांचा. आधी संगणकावर मेलपत्ता आणि पासवर्ड देऊन खातं उघडलेलं असतं. नंतर मोबाइलवर घाईत "गूगलने साइन इन करा" दाबलं जातं, आणि फोनवरचं गूगल खातं वेगळ्या पत्त्याचं असल्यामुळे त्याच संस्थेत दुसरं खातं तयार होतं. तुम्ही एका खात्याच्या सूचना बंद करता, मेल दुसऱ्या खात्याचे येतात. मेलच्या सुरुवातीला तुमचं नाव कसं लिहिलंय, ग्राहक क्रमांक कोणता आहे, हे दोन मेलमध्ये ताडून बघा. क्रमांक वेगळे निघाले तर लिलावगृहाला फोन करून दोन्ही खाती एकत्र करून घ्या. नुसतं एक बंद करू नका, त्यात जुनी बिलं आणि शिल्लक अनामत असू शकते.

तिसरा प्रकार ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. जीमेलच्या पत्त्यात टिंबांना काही अर्थ नसतो. एस टिंब पाटील आणि सलग एसपाटील हे जीमेलच्या दृष्टीने एकच खातं. पाटील, कुलकर्णी, जाधव, देशपांडे अशी आडनावं असलेल्यांच्या मेलबॉक्समध्ये दुसऱ्याच कुणाचे लिलावाचे मेल येतात ते यामुळे. नाव नोंदवताना त्या माणसाने स्वतःचा पत्ता चुकीचा टाकलेला असतो, आणि तो नेमका तुमचा निघतो. असा मेल आला तर त्यातल्या दुव्यावरून आत शिरून पासवर्ड बदलू नका. ते खातं दुसऱ्याचं आहे. तळाशी "हे खातं माझं नाही" असा दुवा असतो, तो वापरा. नसेल तर संस्थेला दोन ओळी लिहा. बोली मागे पडल्याचा तो मेल खऱ्या माणसापर्यंत पोचतच नाहीये, म्हणजे तुम्ही त्याचंही काम करून देताय.

छोट्या व्यापाऱ्यांच्या याद्या

प्रदर्शनात स्टॉलवर एक वही ठेवलेली असते: नाव, फोन, ईमेल. आपण आनंदाने लिहून देतो. असा व्यापारी साध्या मेलमधूनच पन्नास-शंभर जणांना एकदम पाठवतो. त्यात अनसबस्क्राइबचा दुवाच नसतो, म्हणून लोक शोधत बसतात आणि शेवटी स्पॅमचं बटण दाबतात. माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका. गूगल पाठवणाऱ्याच्या मेलपैकी किती मेल स्पॅम म्हणून नोंदवले गेले ते मोजतं; मोठ्या पाठवणाऱ्यांसाठी 0.3 टक्के ही धोक्याची रेषा आहे. लहान यादीत दोघा-चौघांनी ते बटण दाबलं तरी त्या व्यापाऱ्याचे सगळेच मेल, बिलं आणि पार्सलचे नंबरसुद्धा, इतरांच्या स्पॅममध्ये जाऊ शकतात. सरळ उत्तर लिहा: "नमस्कार, माझं नाव मेलच्या यादीतून काढा. खरेदीसंबंधी काही असेल तर जरूर कळवा." लोक ऐकतात. नाही ऐकलं तर एक फोन करा.

व्हॉट्सॲपवरही हीच मंडळी ब्रॉडकास्टने, म्हणजे एकच संदेश एकदम अनेकांना, फोटो पाठवतात. साधा ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला असतो. नंबर कागदावर टिपून ठेवा आणि फोनमधून काढा, ब्रॉडकास्ट थांबतो. ब्लॉक करावं लागत नाही, संबंध बिघडत नाहीत, आणि गरज पडली तर फोन करता येतो.

टणटण वाजतंय ते मेल आहे का?

काही जण "मेल येतात" असं म्हणतात, पण फोन हातात घेऊन बघितला तर ते ॲपचं नोटिफिकेशन असतं. मेलच्या सेटिंगमध्ये कितीही बदल करा, त्यावर परिणाम होणार नाही. अँड्रॉइडवर ते नोटिफिकेशन बोटाने दाबून धरा. 2017मध्ये आलेल्या अँड्रॉइड 8पासून ॲपच्या सूचना गटांत विभागलेल्या असतात. जाहिरातींचा गट बंद करून बोलीचा गट चालू ठेवता येतो, अर्थात ॲप बनवणाऱ्याने तसे गट केले असतील तर.

संगणकाच्या कोपऱ्यात खिडकी उगवून "जुनं नाणं विका, लाखो मिळवा" असं येत असेल तर ते ब्राउझरचं काम. कुठल्यातरी पानावर "अलाउ" दाबलं गेलेलं असतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची यादी दिसेल. अनोळखी नाव दिसलं की काढून टाका.

या मेलमधलं अनसबस्क्राइब दाबूच नका

"ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट आहे का? वैष्णोदेवीचं नाणं आहे का? लाखो रुपये मिळतील." असे मेल संग्राहकांना आणि त्यांच्या घरच्यांना येतात. पुढे नोंदणी शुल्क, मग कमिशन, मग कर, असे पैसे मागितले जातात, आणि विश्वास बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह लावलेलं असतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं आहे की बँक अशा व्यवहारात पडत नाही, कुणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि कुणालाही तसे पैसे घ्यायचा अधिकार दिलेला नाही.

अशा मेलमध्येही तळाशी अनसबस्क्राइब असतं. ते दाबलं की पाठवणाऱ्याला कळतं की हा पत्ता जिवंत आहे आणि इथे कुणीतरी मेल वाचतं. मेल वाढतात. इथे मात्र तीन ठिपक्यांतून "रिपोर्ट फिशिंग" किंवा स्पॅम हाच उपाय. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

खऱ्या-खोट्याचा गोंधळ सगळ्यात जास्त होतो तो कुरिअरच्या मेलमध्ये. परदेशातून तिकिटं किंवा पदकं मागवली की कस्टम्ससाठी कुरिअर कंपनी ओळखपत्राची कागदपत्रं मागते, आणि ती मागणी मेलनेच येते. तो मेल हुबेहूब फसव्या मेलसारखा दिसतो: "तुमचं पार्सल अडकलं आहे, इथे टिचकी मारा." तो पुसला तर पार्सल खरोखरच अडकून राहतं, आणि फसव्या मेलवर टिचकी मारली तर आधारची प्रत भलत्याच हातात जाते. मेलमधला दुवा वापरायचाच नाही. विक्रेत्याने दिलेला ट्रॅकिंग नंबर घ्या, कुरिअर कंपनीचं संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडा आणि नंबर तिथे टाका. खरंच कागदपत्रं हवी असतील तर तिथेही दिसेल.

जे मेल हवेतच, त्यांच्यासाठी फिल्टर

काही मेल बंद करून चालत नाहीत, पण समोरही नको असतात. लिलावगृहाचा मेल उघडा, तीन ठिपके, "फिल्टर मेसेजेस लाइक दीज". पुढच्या पडद्यावर "स्किप द इनबॉक्स" आणि "अप्लाय द लेबल" या दोन खुणा करा, लेबलला "लिलाव" असं नाव द्या. "डिलीट इट" वर खूण करू नका. याच पत्त्यावरून बिलंही येत असतील तर आणखी एक फिल्टर करा. त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता तोच ठेवा, विषयात त्या लिलावगृहाच्या बिलांवर येणारा शब्द टाका, म्हणजे इन्व्हॉइस किंवा पेमेंट, आणि "नेव्हर सेंड इट टू स्पॅम" व "स्टार इट" निवडा. पहिल्या फिल्टरमध्ये "डझंट हॅव" या चौकटीत तेच शब्द लिहा, नाहीतर बिलही गुपचूप लेबलखाली जाऊन बसेल. त्या चौकटीतले शब्द मेलमध्ये कुठेही चालतात, विषयातच असावे लागतात असं नाही. कॅटलॉगच्या मेलमध्ये पेमेंटच्या अटी छापलेल्या असतील तर तो मेल इनबॉक्समध्ये राहील. बिल हरवण्यापेक्षा ते परवडतं.

टांकसाळीच्या स्मारक नाण्यांची नोंदणी ठरावीक मुदतीपुरती खुली असते, म्हणून त्या घोषणेचा मेल मी कुणालाच बंद करायला सांगत नाही. तिकिटांच्या बाबतीत मात्र मेलवर अवलंबून राहायचं कारण नाही. टपाल खात्याच्या फिलॅटेलिक ब्युरोत, उदाहरणार्थ मुंबईच्या जीपीओत, किमान 200 रुपये भरून फिलॅटेलिक डिपॉझिट अकाउंट उघडता येतं. तुम्ही ठरवलेल्या संख्येने नवीन तिकिटं निघतील तशी घरी पोचतात आणि खात्यातून पैसे वळते होतात. नवीन तिकीट आल्याचे मेल वाचायची गरजच संपते.

पुढे नवीन ठिकाणी नाव नोंदवताना जीमेलच्या पत्त्यात ॲट चिन्हाच्या आधी अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडा, जसं की अधिक नाणी किंवा अधिक लिलाव, अर्थात रोमन अक्षरांत. मेल तुमच्याच खात्यात येतात, पण कोणत्या ठिकाणाहून तुमचा पत्ता बाहेर गेला ते लगेच कळतं, आणि त्या एका पत्त्यावर फिल्टर लावता येतो. काही संकेतस्थळं अधिकचं चिन्ह स्वीकारत नाहीत. तिथे संग्रहासाठी वेगळा मेलपत्ता काढलेला बरा.

एवढं करूनही थांबले नाहीत तर

संस्थेला लिहा, पण "तुमचे मेल बंद करा" असं मोघम लिहू नका. त्याचा अर्थ त्यांच्याकडे खातं बंद करा असाही लावला जातो. मेलमध्ये या गोष्टी द्या: "टू" समोर दिसलेला नेमका पत्ता, तुमचा ग्राहक क्रमांक, त्रास देणाऱ्या मेलचा विषय आणि तारीख, आणि यादीतून नाव काढायची मागणी आधी कधी केली ती तारीख. मग स्पष्ट लिहा की जाहिरातीचे आणि सुचवणीचे मेल नकोत, बोली, बिल आणि पार्सल यांचे मेल चालू ठेवा. आपल्या 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेणं हे संमती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे असं म्हटलं आहे. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे, तरी पत्रात त्याचा उल्लेख जरूर करा.

"शो ओरिजिनल"च्या पानावर "डाउनलोड ओरिजिनल" असा दुवा असतो. ती फाइल पत्राला जोडा. तांत्रिक माणसाला तिच्यावरून मेल त्यांच्या कोणत्या यादीतून सुटला ते कळतं, आणि स्क्रीनशॉटवरून ते कळत नाही. त्याआधी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा आणि तीत बिलाची रक्कम किंवा घरचा पत्ता असेल तर फाइल फक्त संस्थेच्याच अधिकृत पत्त्यावर पाठवा.